पोलिसाच्या हिब्रूतली अरबी कविता : दारीन ततूर खटल्याचा अभ्यास

इस्रायलच्या उत्तरेला, गॅलिलीत, नाझरेथला लागून रैना नावाचं अरब गाव आहे. ११ ऑक्टोबर २०१५ च्या पहाटे पोलिसांनी तिथल्या एका घरातून दारीन ततूर यांना उचललं. वय ३३. कवयित्री आणि छायाचित्रकार. १९४८ साली उद्ध्वस्त झालेल्या पॅलेस्टिनी गावांच्या खुणा कॅमेऱ्याने टिपत फिरणं हे त्यांचं बरीच वर्षं चाललेलं काम, आणि २०१० मध्ये आलेला एक कवितासंग्रह नावावर. त्या इस्रायलच्या नागरिक. हा मुद्दा सुरुवातीलाच लक्षात घ्यावा, कारण इस्रायलच्या लष्करी ताब्यातल्या वेस्ट बँकेतल्या पॅलेस्टिनींवर लष्करी न्यायालयात खटले चालतात, तर ततूर यांचा खटला नाझरेथच्या साध्या दंडाधिकारी न्यायालयात, इस्रायलच्या साध्या फौजदारी कायद्यांखाली चालला. ज्या यंत्रणेत कवीला वकील, साक्षीदार, अपील असं सगळं मिळतं, त्या यंत्रणेतलं हे प्रकरण आहे. तरीही ते जवळजवळ चार वर्षं चाललं.

दोषारोपपत्र २ नोव्हेंबर २०१५ ला दाखल झालं. आरोप दोन प्रकारचे होते : हिंसेला चिथावणी आणि दहशतवादी संघटनेला पाठिंबा. त्यांचा आधार म्हणजे समाजमाध्यमांवरच्या तीन गोष्टी. पहिली, ऑक्टोबरच्या सुरुवातीला यूट्यूब आणि फेसबुकवर टाकलेला व्हिडिओ. त्यात ततूर यांच्याच आवाजात ‘कावेम या शाअबी, कावेमहुम’ ही कविता ऐकू येते. ध्रुवपदाचा अर्थ साधारण ‘प्रतिकार कर, माझ्या लोका, त्यांचा प्रतिकार कर’ असा. दुसरी, इस्लामिक जिहाद या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेने वेस्ट बँकेत इंतिफादा, म्हणजे उठाव, चालू ठेवण्याची हाक दिल्याची पोस्ट. त्यात उठाव ग्रीन लाइनच्या आत, म्हणजे खुद्द इस्रायलमध्ये पसरण्याची भाषाही होती. तिसरी, ९ ऑक्टोबरला अफुलाच्या बस स्थानकावर सुरक्षारक्षकांच्या गोळ्यांनी जखमी झालेल्या एका अरब तरुणीचं छायाचित्र आणि ‘पुढचा शहीद मी’ हे वाक्य. हे वाक्य ततूर यांचं नव्हे. २०१४ साली जेरुसलेममध्ये मुहम्मद अबू खदेर या पॅलेस्टिनी मुलाला जिवंत जाळण्यात आलं, त्यानंतर निषेध म्हणून कित्येक तरुणांनी ते आपापल्या प्रोफाइलवर लावलं होतं. ‘पुढचा बळी मी असू शकतो’ असा त्याचा रोख.

ततूर यांच्या बाजूने लिहिणारे बहुतेक जण कवितेवर भर देतात आणि दुसऱ्या पोस्टवरून पटकन पुढे सरकतात. तसं केलं तर निकालांमधला फरक कळत नाही. कविता आणि ती पोस्ट यांचं कायद्यातलं वजन एक नाही, आणि शेवटी न्यायालयानेही त्यांना वेगवेगळं तोललं. सरकार पक्षाने तिन्ही गोष्टी एकाच माळेत ओवल्या होत्या. कवितेतला ‘प्रतिकार’ संदिग्ध वाटलाच, तर इस्लामिक जिहादच्या पोस्टकडे बोट दाखवून त्याचा अर्थ पक्का करायचा. पोस्ट नुसती बातमी वाटली, तर कवितेकडे बोट दाखवायचं. अभिव्यक्तीच्या खटल्यांत ही जुनी पद्धत आहे, आणि बचाव पक्षाचं पहिलं काम ही माळ तोडण्याचं असतं.

काळ आणि परंपरा

२०१५ च्या शरद ऋतूत जेरुसलेम आणि वेस्ट बँकेत चाकूहल्ल्यांची आणि गोळीबारांची लाट होती. त्याआधी ३१ जुलैला वेस्ट बँकेतल्या दूमा गावात ज्यू अतिरेक्यांनी दवाब्शे कुटुंबाचं घर पेटवलं. त्यात १८ महिन्यांचा अली जळून मेला आणि त्याचे आईवडीलही पुढच्या काही आठवड्यांत गेले. २२ सप्टेंबरला हेब्रॉनच्या तपासनाक्यावर हदील अल-हशलमून ही १८ वर्षांची मुलगी सैनिकांच्या गोळ्यांनी मारली गेली. कवितेत अली आहे, हदील आहे, जाळलेली मुलं आहेत. दोन महिन्यांतल्या बातम्याच त्यात छंदात आल्या आहेत.

ताज्या घटनेवर लगेच कविता करून ती मोठ्याने म्हणायची, ही गॅलिलीतली जुनीच रीत. लग्नात हद्दा, म्हणजे शीघ्रकवी, दोन रांगांत उभ्या माणसांना टाळ्यांच्या तालावर ओळी देतो आणि रांगा त्या परत म्हणतात. १९४८ नंतर इस्रायलमध्ये उरलेल्या अरबांवर १९६६ पर्यंत लष्करी प्रशासन होतं. गावाबाहेर जायला परवाना लागे, अरबी छापखाने आणि पुस्तकं मोजकीच. त्या काळात गावोगावच्या काव्यमेळाव्यांनी वर्तमानपत्राचं काम केलं. तौफीक झय्याद, समीह अल-कासिम, मेहमूद दरविश ही नावं त्या मेळाव्यांतूनच वर आली. दरविश यांना त्या वर्षांत अनेकदा अटक झाली आणि हैफात घरकैदेतही ठेवलं गेलं. त्यामुळे कवितेवरून घरकैद हा प्रकार गॅलिलीला नवा नव्हता. फरक एवढाच की तेव्हा लष्करी हुकूम पुरे होता. २०१५ मध्ये दोषारोपपत्र लागलं, पुरावा लागला, आणि पुरावा म्हणून भाषांतर लागलं.

कवितेचं हिब्रू भाषांतर राजकीय प्रकरण होण्याचीही ती पहिली वेळ नव्हती. १९८८ साली, पहिला इंतिफादा चालू असताना, दरविश यांच्या एका कवितेचा पंतप्रधान यित्झाक शामीर यांनी थेट संसदेत उल्लेख केला होता. ‘आमच्या भूमीतून निघा’ म्हणजे नक्की कुठल्या भूमीतून, यावर हिब्रू वृत्तपत्रांत भाषांतरामागून भाषांतर छापून आलं.

व्हिडिओ ऐकताना आणि पाहताना

कागदावर ही कविता लहान ओळींची, अंत्ययमकाची, ध्रुवपदाकडे पुन्हापुन्हा वळणारी आहे. क्रियापदं बहुतेक आज्ञार्थी : प्रतिकार कर, मागोमाग जा, फाड, भिऊ नकोस. आवेशाच्या मंचीय कवितेचं व्याकरणच असं असतं. मंचावर ध्रुवपदाला एक ठरलेलं काम असतं. ते श्रोत्यांनी परत म्हणायचं, म्हणजे कवीला श्वास मिळतो आणि गर्दीला कवितेत जागा मिळते. आज्ञार्थाचं बोट समोर बसलेल्या ‘आपल्या’ माणसांकडे असतं आणि त्यांनाही ते कळतं. आपण काय करायला उठणार आहोत, याचा आदेश म्हणून कुणी ते ऐकत नाही.

यूट्यूबवर हे श्रोते नाहीत. त्यांची रिकामी जागा चित्र भरतं. ततूर यांच्या व्हिडिओत आवाजाच्या मागे निदर्शनांची दृश्यं आहेत : तोंड झाकलेले तरुण, दगडफेक, समोर सैनिक. सरकार पक्षाचा सगळ्यात जड पुरावा ही जोडणी होती, आणि ते एका अर्थी समजण्यासारखंही आहे. ‘प्रतिकार कर’ हे शब्द एकटे असले तर त्यात उपोषण बसतं, मोर्चा बसतो, जमीन न सोडणं बसतं. मागे दगड दिसला की अर्थ दगडापाशी येऊन थांबतो. बचाव पक्षाचं म्हणणं असं की ती दृश्यं त्या दिवसांत सगळ्याच वाहिन्यांवर चालू होती आणि कविता ज्या घडामोडींबद्दल आहे त्याच पडद्यावर आहेत. खालच्या न्यायालयाला ते पटलं नाही. बोलली जाणारी कविता व्हिडिओ करून टाकणाऱ्या कुठल्याही कवीसाठी या प्रकरणातली ही सगळ्यात कामाची नोंद : पार्श्वभूमीचं चित्र न्यायालयात सजावट म्हणून वाचलं जात नाही, कवितेवरचं भाष्य म्हणून वाचलं जातं. कवीने शब्दांत जी संदिग्धता जपलेली असते ती संकलनाच्या टेबलावर दहा सेकंदांत जाते.

व्हिडिओ अटकेपर्यंत फार कुणी पाहिलेला नव्हता. कवितेला खरे वाचक मिळाले ते खटल्यामुळे.

भाषांतर

दंडाधिकाऱ्यांपुढे खटला हिब्रूत चालला. अरबी कविता तिथे जशीच्या तशी पुरावा होऊ शकत नव्हती; पुरावा झालं ते तिचं हिब्रू भाषांतर. आणि ते केलं होतं पोलिस दलातल्या एका जुन्या अधिकाऱ्याने. साक्षीत त्याने आपली पात्रता सांगितली ती अशी : शाळेत साहित्याचा अभ्यास केला आहे आणि अरबी भाषेची आवड आहे. काव्याच्या भाषांतराचा अनुभव नव्हता, आणि ज्या यंत्रणेने अटक केली तीच यंत्रणा त्याची मालक होती. एप्रिल २०१६ मध्ये पुरावा नोंदवणं सुरू झालं तेव्हा उलटतपासणीचा मोठा भाग याच मुद्द्यावर गेला.

सगळ्यात वादाची ओळ ‘शहीदांच्या तांड्यामागे जा’ अशा अर्थाची. अरबी ‘शुहदा’ पोलिस भाषांतरात ‘शहीदीम’ झाला, म्हणजे अरबी शब्दच हिब्रू अनेकवचन लावून ठेवून दिला. वरवर पाहता ही प्रामाणिक गोष्ट वाटते, कारण शब्द बदललेलाच नाही. पण २००० नंतरच्या आत्मघातकी हल्ल्यांच्या वर्षांत ‘शहीद’ हा शब्द हिब्रूत आला तो स्फोटकं बांधून मरणाऱ्याचं नाव म्हणून. पॅलेस्टिनी बोलण्यात मात्र नाक्यावर गोळी लागलेला, घरात जळालेला, निदर्शनात मेलेला, असे सगळेच शहीद. १८ महिन्यांचा अली दवाब्शेसुद्धा शहीद, आणि या कवितेत तोच आपल्या कबरीतून बोलतो. मराठी वाचकाला हे समजायला मुंबईतल्या हुतात्मा चौकाकडे पाहिलं तरी पुरे. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात मेलेल्यांना आपण हुतात्मे म्हणतो, आणि ‘हुतात्म्यांच्या मार्गाने जा’ असं कुणी म्हटलं तर गोळीबार करायला जा असा त्याचा अर्थ कुणी घेत नाही.

बचाव पक्षाच्या वकील गॅबी लास्की यांनी दोन तज्ज्ञ उभे केले. अरबी-हिब्रू भाषांतरकार आणि अभ्यासक डॉ. योनी मेंडल यांनी कवितेचं वेगळं भाषांतर सादर केलं. त्यात ‘शुहदा’साठी बळी पडलेल्यांचा अर्थ देणारा हिब्रू शब्द होता. हिब्रू साहित्याचे प्राध्यापक निसीम काल्देरॉन यांची साक्ष मार्च २०१७ मधली. त्यांनी दाखवलं की दडपलेल्या माणसाच्या कवितेत हिंसक भाषा येणं हा जुना साहित्यिक संकेत आहे आणि हिब्रूतले मोठमोठे कवीही त्यातून सुटलेले नाहीत. बियालिक यांच्यासारख्या हिब्रू राष्ट्रकवीवर अशा ओळींसाठी रशियातल्या झारनेही खटला भरला नव्हता, हा या युक्तिवादाचा रोख. उलटतपासणीत मेंडल यांना त्यांच्या राजकीय मतांबद्दल विचारलं गेलं. यात गंमत अशी की पोलिस अधिकाऱ्याचं भाषांतर ‘तटस्थ’ धरलं गेलं आणि भाषांतराचा पेशा असलेल्या माणसाला आपण तटस्थ आहोत हे सिद्ध करावं लागलं.

गुन्ह्याच्या तपासात कवितेचं भाषांतर लागलं तर ते कसं व्हावं, याच्या पायऱ्या या पेशात ठाऊक असलेल्याच आहेत, आणि इथे कोणती कुठे चुकली हे पाहण्यासारखं आहे. आधी ध्वनिफितीवरून मूळ भाषेत संहिता उतरवायची, तीही अरबीसाठी पूर्ण स्वरचिन्हांसकट. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत, आणि एकाच सांगाड्यातून कर्तरी-कर्मणी दोन्ही वाचता येतं. कवीचा आवाज उपलब्ध असताना हा गोंधळ ध्वनिफितीवरूनच मिटतो. मग दोन भाषांतरकारांनी एकमेकांशी न बोलता, आणि आरोप काय आहे हे माहीत नसताना, ओळीला ओळ भाषांतर करायचं. आरोप माहीत असला की डोळा आपोआप तिथे जातो. ‘चिथावणी’ शोधायला बसलेल्या माणसाला आज्ञार्थ जास्त टोकदार दिसतो. दोघांत जिथे फरक पडेल ती जागा लपवायची नाही, उलट तिची यादी करून न्यायालयापुढे ठेवायची. अनेकार्थी शब्दाला एकच प्रतिशब्द न देता समासात पर्याय लिहायचे. शेवटी तिसऱ्या माणसाने, मूळ न पाहता, भाषांतर परत मूळ भाषेत आणायचं. ‘शहीदीम’ या परतफेरीत पकडला गेला नसता, कारण तो परत ‘शुहदा’च झाला असता, म्हणजे ही शेवटची पायरी एकटी पुरत नाही, त्या शब्दाचा लक्ष्यभाषेतला वापर सांगणारी टीप लागतेच. पोलिस भाषांतरात यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. एक माणूस, एक प्रत, आणि आरोप त्याला आधीच ठाऊक.

निकालाआधीची शिक्षा

अटकेनंतरचे ९७ दिवस ततूर यांनी जलमा, हशारोन आणि दामून या तुरुंगांत काढले. दोषारोपपत्र दाखल झालं त्या दिवशी, २ नोव्हेंबरला, जलमात त्यांनी तुरुंगातल्या कवीवर एक कविता लिहिली. ती नंतर इंग्रजीत बरीच फिरली. सरकार पक्षाला त्या खटला संपेपर्यंत आतच हव्या होत्या. न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये पर्याय म्हणून घरकैद दिली, पण अटी अशा की त्याला सुटका म्हणवत नाही.

रैनात राहायचं नाही, कारण तिथे धोका. म्हणून कुटुंबाने तेल अवीवजवळच्या किर्यात ओनो या उपनगरात भाड्याने घर घेतलं. घोट्याला इलेक्ट्रॉनिक कडं. इंटरनेट पूर्ण बंद, मोबाइल नाही, आणि घरात सोबत असणाऱ्यांनाही त्यांच्यासमोर इंटरनेट वापरायची मुभा नाही. न्यायालयाने मान्य केलेला पालक, म्हणजे देखरेख करणारा माणूस, चोवीस तास सोबत हवा. त्यासाठी भावाला गाव सोडून तिथे राहावं लागलं. ज्या भागात त्यांचं कुणी नाही, भाषा दुसरी, तिथे सहा महिने. जुलै २०१६ मध्ये रैनातल्या आईवडिलांच्या घरी परतायला परवानगी मिळाली, पण कडं आणि इंटरनेटबंदी तशीच. नंतर टप्प्याटप्प्याने पालकासोबत काही तास बाहेर जाता येऊ लागलं.

इस्रायली कायद्यात तुरुंगातले कोठडीचे दिवस अंतिम शिक्षेतून वजा होतात. घरकैदेचे दिवस हक्काने वजा होत नाहीत. म्हणून या खटल्याचा हिशेब विचित्र झाला. अंतिम शिक्षा पाच महिने. त्याआधीची घरकैद अडीच वर्षांहून जास्त, आणि ती खात्यात शून्य. सरकार पक्षाने तडजोड देऊ केली असती आणि त्यांनी गुन्हा कबूल केला असता, तर हे कदाचित २०१६ मध्येच मिटलं असतं. लहान आरोपांत कोठडीतली माणसं त्याच दबावाखाली कबुली देतात. कबुली न देण्याची किंमत काय पडते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडतं.

सुनावण्याही दूरदूरच्या तारखांना. नोव्हेंबर २०१६ मध्ये ततूर यांची स्वतःची साक्ष झाली, तज्ज्ञ पुढच्या वर्षी, निकाल त्याच्याही पुढच्या वर्षी.

बाहेरचा आवाज

जुलै २०१६ मध्ये अमेरिकेत दीडशेहून अधिक लेखक-कलावंतांनी सुटकेची मागणी करणारं पत्र काढलं. ॲलिस वॉकर, नेओमी क्लाइन अशी नावं त्यात होती. पेन इंटरनॅशनल ही लेखकांची जागतिक संघटना ततूर यांच्या मागे उभी राहिली. योगायोग असा की त्याच महिन्यात इस्रायलच्या आर्मी रेडिओने दरविश यांच्यावर एक शैक्षणिक कार्यक्रम केला, आणि संरक्षणमंत्री अविग्दोर लिबरमन यांनी केंद्रप्रमुखांना जाब विचारायला बोलावलं. ऑगस्ट २०१७ मध्ये खटल्याच्या खर्चासाठी तेल अवीवला लागून असलेल्या याफाच्या अरबी-हिब्रू नाट्यगृहात कार्यक्रम ठेवला, तर संस्कृतिमंत्री मिरी रेगेव्ह यांनी त्या नाट्यगृहाचं सरकारी अनुदान तपासायला लावलं. नाट्यकर्मी इनात वाइझमन यांनी ततूर यांच्यासोबत या प्रकरणावर एक नाट्यप्रयोगही उभा केला.

या आवाजाचा न्यायालयात किती उपयोग झाला? थेट फारसा नाही. न्यायाधीश सह्यांची पत्रं पुरावा म्हणून वाचत नाहीत. पण वकिलाची फी, तज्ज्ञांची साक्ष, प्रत्येक सुनावणीला भरलेली बाकं, आणि मुख्य म्हणजे अपिलापर्यंत टिकून राहण्याचं बळ या सगळ्याला त्याचा आधार होता. जानेवारी २०१९ मध्ये हेगमध्ये ततूर यांना ऑक्सफॅम नोव्हिब ही डच मदतसंस्था आणि पेन यांचा अभिव्यक्ति-स्वातंत्र्याचा पुरस्कार मिळाला. तोवर शिक्षा भोगून झाली होती.

दोन न्यायालयं, एकच कागद

चिथावणीचं कलम म्हणजे इस्रायलच्या १९७७ च्या दंडसंहितेतलं १४४ ड-२. ते २००२ मध्ये घातलं गेलं, कमाल शिक्षा पाच वर्षं. त्यात दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. मजकुरात हिंसेचं आवाहन, स्तुती किंवा सहानुभूती असावी. आणि मजकूर व परिस्थिती पाहता त्यातून प्रत्यक्ष हिंसा घडण्याची ‘खरी शक्यता’ असावी. दुसऱ्या अर्ध्याशी सरकार पक्षाची गाठ पडते तेव्हा प्रश्न येतात ते साधे : किती लोकांनी पाहिलं, ते कोण होते, कवीचा त्यांच्यावर किती प्रभाव, त्या आठवड्यात रस्त्यावर काय चाललं होतं.

३ मे २०१८ रोजी दंडाधिकारी न्यायालयाने ततूर यांना तिन्ही गोष्टींवर दोषी धरलं. त्या निकालात परिस्थितीने मजकुराला गिळलं : हल्ल्यांची लाट चालू आहे, व्हिडिओत दगडफेक आहे, तेव्हा ‘प्रतिकार’ म्हणजे हिंसाच, आणि कविता असल्याने तिला वेगळी ढाल नाही. ३१ जुलैला पाच महिने कैद आणि वर सहा महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. ८ ऑगस्टला त्या आत गेल्या, आधीचे ९७ दिवस वजा जाऊन २० सप्टेंबर २०१८ ला बाहेर आल्या.

अपील मात्र पुढे चालू ठेवलं. शिक्षा संपल्यावर अपील लढवण्यात अनेकांना अर्थ वाटत नाही. इथे तोच निर्णय मोलाचा ठरला. १६ मे २०१९ रोजी नाझरेथच्या जिल्हा न्यायालयाने कवितेवरची दोषसिद्धी रद्द केली. नवा पुरावा आलेला नव्हता. तोच व्हिडिओ, तीच दोन भाषांतरं, त्याच साक्षी. बदललं ते प्रश्न विचारण्याचं टोक. खालच्या न्यायालयाने विचारलं होतं, ही कविता हिंसक वाचता येते का? वरच्याने विचारलं, ती दुसऱ्या कुठल्या अर्थाने वाचता येत नाही असं सरकार पक्षाने सिद्ध केलं आहे का? ओळींचे आणि ‘शहीद’ शब्दाचे एकाहून अधिक वाजवी अर्थ निघतात, लिहिणारी व्यक्ती आधीपासून कवी म्हणून ओळखली जाते, कलेतल्या अभिव्यक्तीला जास्त मोकळीक द्यावी लागते; मग संशयाचा फायदा आरोपीला. मेंडल यांचं भाषांतर ‘बरोबर’ ठरण्याची गरजच नव्हती. ते शक्य कोटीतलं आहे एवढं पुरेसं होतं. बचावाचे वकील तज्ज्ञ भाषांतरावर खर्च करताना अनेकदा आपलंच खरं हे पटवायला जातात. खरं तर पोलिसांचं एकमेव नाही, इतकंच दाखवायचं असतं.

बाकीच्या दोन पोस्टवरची दोषसिद्धी जिल्हा न्यायालयाने कायम ठेवली. तिथे ना छंद, ना रूपक. संघटनेचं नाव आहे आणि तिची हाक आहे. माळ तुटली ती इथे. कवितेवरच्या निर्दोषत्वाविरुद्ध सरकार पक्षाने सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाची परवानगी मागितली. त्याच वर्षी ती नाकारली गेली.

हा निकाल पुढच्या कवीच्या किती कामाचा, हे मात्र वेगळ्या कायद्यावर अवलंबून आहे. खटला चालू असतानाच, १ नोव्हेंबर २०१६ पासून, इस्रायलमध्ये नवा दहशतवादविरोधी कायदा लागू झाला आणि दहशतवादाच्या चिथावणीचे खटले त्याच्या कलम २४ खाली जाऊ लागले. त्यात स्तुती किंवा सहानुभूतीच्या मजकुराला ‘खऱ्या शक्यते’ची कसोटी अजून आहे. ‘थेट आवाहना’ला ती नाही, तिथे किती जणांनी पाहिलं, ऐकणाऱ्यांवर काय परिणाम झाला असता, हे विचारावंच लागत नाही. ततूर यांच्या ध्रुवपदातलं क्रियापद आज्ञार्थी आहे.